ओल्या भिंतीवर लिहिलेलं नाव

आर्वी तालुक्यात कधी फिरलात आणि एखाद्या घरकुलाच्या भिंतीवर पांढऱ्या चौकटीत निळ्या अक्षरांत मजकूर दिसला, तर त्यातला 'र' जरा निरखून बघा. 'र'ची शेपटी गरजेपेक्षा लांब ओढलेली असेल, तर ते काम माझं. ही खोड मला उमेदवारीत लागली. उस्तादांनी त्यापायी माझ्या बोटांवर पट्टी मारली, पण खोड गेली नाही. आता हात थरथरतो म्हणून ब्रश ठेवून दिला आहे. अक्षरं मात्र गावोगाव आहेत, आणि ती कोणी वाचत नाही याचं मला फारसं दुःखही नाही. भिंतीवरचं नाव वाचायला नसतंच. ज्याचं घर आहे त्याला ते रोज दिसलं म्हणजे झालं.

मी पेंटर. घर रंगवणारा नव्हे, अक्षरं काढणारा. लोक या दोघांत गल्लत करतात आणि मला राग येतो. सुरुवातीची बरीच वर्षं दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंती, निवडणुका यांवर गेली. मग फ्लेक्स आला. संगणकावर बसलेलं पोट्टं दहा मिनिटांत जे छापून देऊ लागलं, त्याला मला दोन दिवस लागत. आर्वीतले आम्ही पाच-सहा पेंटर होतो. एकानं चहाची टपरी टाकली, एक पुलगावला सिक्युरिटीत लागला, बाकीचे कुठे गेले मला माहीत नाही. मी तगलो तो घरकुलाच्या बोर्डांवर.

बाहेरच्या माणसाला हे बोर्ड काय ते सांगितलं पाहिजे. सरकारी पैशातून घर बांधलं की त्या घरावर तसं लिहावं लागतं. योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव, गाव, मंजुरीचं वर्ष, मिळालेलं अनुदान. बांधकाम चालू असताना पत्र्याची नाहीतर फ्लेक्सची पाटी चालते, पण घर पुरं झालं की भिंतीवरच हवं. मग पंचायत समितीचा इंजिनिअर येतो, लाभार्थ्याला त्या बोर्डाशेजारी उभं करतो आणि मोबाईलवर फोटो काढून वर पाठवतो. फोटोत भिंत, बोर्ड आणि माणूस तिन्ही पाहिजेत. एक जरी कमी असलं तरी फोटो परत येतो आणि शेवटचा हप्ता अडकतो. इथं फ्लेक्स चालत नाही, कारण फ्लेक्स लावला की आठ दिवसांत तो कोणाच्या तरी गुरांच्या कुटारावर झाकलेला सापडतो. म्हणून मग, बोलवा पेंटरला.

मी कधी हाताखाली माणूस ठेवला नाही. एकट्याचंच काम. फक्त सूत मारायला दुसरा माणूस लागतो. निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणायचा, मधोमध चिमटीत धरून सोडायचा, की सरळ रेघ उमटते आणि त्या रेघेवर अक्षरं बसतात. दोऱ्याचं दुसरं टोक मी नेहमी घरवाल्याला धरायला लावायचो. म्हातारा असो की बाळंतीण, टोक त्यांनीच धरायचं. लोकांना वाटे ही काही रीत आहे, नारळ फोडण्यासारखी. मीही कधी खुलासा केला नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटत. एकाला 'लाभार्थी' हा शब्दच नको होता. "मी काय भिकारी हावो का?" म्हणून तो माझ्यावरच चिल्लावला, जसं काही नमुना मीच ठरवला होता. देऊरवाडा रस्त्यावरच्या एका घरी मुलीला पाहायला पाव्हणे येणार होते, तर बाईनं अख्खा बोर्ड गोधडीनं झाकला आणि वर दोरी बांधून त्या गोधडीला वाळत घातलेलं रूप दिलं. पाव्हण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं ऊन लागतं म्हणून भिंतीच्या सावलीला सरकताना नेमकी तीच गोधडी बाजूला सारली. लग्न जमलं बरं का. म्हाताऱ्याच्या घरावरचा बोर्डही मीच लिहिलेला होता.

आता माझा नेम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नेमापायी घडलं. ओल्या प्लास्टरवर मी लिहीत नसे. सिमेंटच्या प्लास्टरला दोन आठवडे पाणी मारतात, आणि नंतरही ते आतून बरेच दिवस ओलं राहतं. त्यावर तेलरंग दिला की आतली ओल बाहेर यायला बघते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. पालथा हात भिंतीला लावायचा. गार लागली तर आत पाणी आहे. हे मला आधीपासून ठाऊक होतं, तरी एका मार्चमध्ये मी शेण खाल्लं. वर्षअखेर होती, वरून फोटो मागत होते, ग्रामसेवक रोज फोन करून डोकं खात होता. मी एका गावात आठवड्यात सतराच्या सतरा घरं लिहून काढली, निम्मी तर प्लास्टर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. दिवाळीपर्यंत अर्ध्या गावाची नावं गळून पडली. तपासणीला आलेल्या साहेबांनी मला चावडीसमोर, सगळ्या गावादेखत, नाही नाही ते ऐकवलं. मी मान खाली घालून ऐकलं आणि घरी आल्यावर जेवलो नाही. त्या दिवसापासून ठरवलं की कोणीही येऊ दे, भिंत वाळल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. तालुक्यात माझं नाव झालं ते त्यामुळंच. पुंडलिक पेंटरचा बोर्ड उडत नाही, असं इंजिनिअर लोक एकमेकांना सांगत. ते मला आवडायचं. फारच आवडायचं.

पंचफुलाबाईचं गाव आर्वीहून आष्टीकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, तिथं अजून तिची माणसं राहतात. एप्रिल संपत आला होता. गावात चार घरकुलं पुरी झाली होती, तीन वाळलेली आणि चौथं तिचं. मी तीन बोर्ड उरकून तिच्या अंगणात आलो तेव्हा ती भिंतीसमोर बाज टाकून बसली होती. साठीच्या पुढची, काटकुळी बाई. पाय मात्र सुजून टम्म झालेले. मी ते पाहिले. विचारलं नाही.

तिचा मुलगा दिलीप मजुरीला गेला होता, सून विहिरीवर. बाईनंच सगळं सांगितलं, मी न विचारता. सारी जिंदगी वीटभट्टीवर गेली. नवरा किसन, तो भट्टीवरच वारला. गावाच्या कडेला पत्रे आणि तुराट्यांच्या झोपडीत तिनं दिलीपला वाढवला. मग यादीत नाव लागलं, आणि यादी बाईच्या नावानं निघाली, कारण हल्ली घर बाईच्या नावे देतात. तिनं ते ग्रामपंचायतीत तीनदा विचारून पक्कं करून घेतलं होतं. रेशनकार्ड आधी नवऱ्याच्या नावानं होतं, मग पोराच्या. भट्टीच्या हजेरीतही ती किसनची बायको म्हणूनच होती, आणि किसन गेल्यावरही हजेरी तशीच चालली. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. हिशेब लागल्यासारखं सांगत होती, आता बाकी काही राहिलं नाही अशा समाधानानं.

मी भिंतीला पालथा हात लावला. गार होती.

"बाई, भिंत ओली आहे," मी म्हणालो. "आठ दिवसांनी येतो."

तिनं विचारलं, आज काऊन नाही. मी प्लास्टर, तेलरंग, पापुद्रे असं सगळं समजावलं. आज लिहिलं तर चार महिनेही टिकणार नाही म्हणालो. ती ऐकत होती, पण तिची नजर भिंतीवर होती. मग म्हणाली, मले वाचता येत नाई, पण नाव कसं दिसन ते तरी दाखवा. मला हसू आलं. मी खाली बसलो आणि अंगणातल्या मातीत बोटानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, पंचफुला किसन राऊत. ती बाजेवरून उतरली, भिंत धरत धरत जवळ आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढं लांब हाय माहं नाव?" ती म्हणाली.

मी म्हटलं, तुमचं एवढंच. आणि 'पंचफुला'च्या चार अक्षरांखाली बोट ओढलं. बाकीचं नवऱ्याचं आणि घराण्याचं. ती त्या चार अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिली. मी डबे बांधायला लागलो तेव्हा तिनं एकच वाक्य म्हटलं. ते मला आजही तिच्याच आवाजात ऐकू येतं.

"आठ दिवस लय होते, भाऊ."

मी म्हणालो, अहो बाई, एवढी वर्षं काढलीत, आठ दिवसांचं काय घेऊन बसलात. आणि गाडीला किक मारली.

आता खरं सांगतो. सांगायचंच म्हणून तर लिहायला बसलो आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यातलं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात, दक्षिणेला तोंड असलेली भिंत आठ दिवस ओली राहत नाही. तीन दिवसांत लिहिता आलं असतं, चौथ्या दिवशी तर डोळे झाकून. हे मला तेव्हाही कळत होतं. पण आर्वीत एका कृषी केंद्राची मोठी पाटी हातात होती, दुकानदार हंगामाच्या आधी हवी म्हणून मागे लागला होता, आणि एका बोर्डासाठी पुन्हा एवढ्या लांब कोण येणार असा कंटाळाही होता. म्हणून मी आठ दिवस म्हणालो. भिंतीचं नाव पुढं केलं. माझा नेम कोणी मोडायला सांगू शकत नव्हतं, त्यामुळं त्याच्या आड मला बिनधास्त लपता आलं.

आठव्या दिवशी पाटीचं काम संपलं नाही. नवव्या दिवशी सकाळी गेलो.

अंगणात माणसं दिसली तेव्हा मला वाटलं वास्तू आहे. घर झालं, पूजा घातली असेल, चला, जेवूनच निघू. गाडी उभी केली, डब्यांची पिशवी काढली आणि दहा पावलं चाललो तेव्हा तिरडीचे बांबू दिसले. पंचफुलाबाईला अंगणात निजवलं होतं, नवीन घरासमोर. दिलीप माझ्याकडे आला. रडून रडून कोरडा पडल्यासारखा चेहरा. पहाटे गेली म्हणाला. चार दिवस दवाखान्यात होती, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, परवा आणली. आल्यापासून बाजेवर पडून भिंतीकडेच तोंड करून होती. दोनदा विचारलं, पेंटर आला का.

मी पिशवी उचलून मागं वळलो. दिलीपनं माझं मनगट धरलं.

"काका, नाव लिवून द्या," तो म्हणाला. "मंग नेऊ."

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ऊन चढून राह्यलं, प्रेत ताटकळत ठेवू नये, बोर्ड काय पळून चालला का. ते काही चूक बोलत नव्हते. पण बायकांतून कोणीतरी म्हणालं, लिहू द्या जी, तिचं तेवढंच होतं.

मी दोरा काढला. दुसरं टोक धरायला दिलीप आला. पहिलं सूत वाकडं उमटलं आणि ते पुसून पुन्हा मारावं लागलं. पांढरा पट्टा वाळायला वेळ नव्हता, म्हणून चौकट सोडली, प्रायमर सोडला, वरच्या योजनेच्या ओळी सोडल्या. थेट प्लास्टरवर निळ्या रंगानं फक्त नाव लिहिलं. पन्नासेक माणसं पाठीमागं उभी होती. 'पं'वरचं टिंब देताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला पुढचं दिसेना. मी थांबलो. कोणीतरी पाण्याचा गडवा पुढं केला, मी तोंड धुतलं आणि उरलेलं पूर्ण केलं. एरवी ज्या कामाला अर्धा दिवस लागतो ते पाऊण तासात झालं. लिहून झालं तेव्हा चौघांनी तिरडी उचलली, आणि जाण्याआधी ते क्षणभर भिंतीकडं तोंड करून थांबले. तिला दिसावं म्हणून. मी नावाशेजारी भिंतीला पाठ लावून उभा होतो. मला वाटलं की मी मधे येतोय, म्हणून ब्रश घेऊन आणखी बाजूला सरकलो.

बोर्डाच्या बाकीच्या ओळी मी तेराव्यानंतर जाऊन लिहिल्या. पैसे घेतले नाहीत. त्यात काही मोठेपणा नाही, घेण्याची हिंमतच नव्हती.

पुढं इंजिनिअर आले. शेजारी उभी करायला लाभार्थी नव्हती, म्हणून फोटो झाला नाही. वारसाचे कागद करायला सांगितले. दाखला, फेरफार, अंगठे, ते सगळं होता होता सोयाबीन निघालं. शेवटी घरकुल दिलीपच्या नावावर चढलं आणि इंजिनिअर साहेबांचा मला फोन आला. कागदावर जे नाव, तेच भिंतीवर पाहिजे. तरुण माणूस, वाईट नव्हता. मी म्हटलं, दोन्ही नावं लिहितो, आईचं वर, मुलाचं खाली. ते म्हणाले, काका, मी तसा फोटो पाठवला तर तो परत येईल, मग ह्या पोराचा हप्ता पुन्हा लांबेल. त्यांचा आवाज खाली गेला होता. मी जास्त ताणलं नाही.

गेलो. पावसाळाभर त्या भिंतीवर झडी बसल्या होत्या. खाली प्रायमर नव्हता, त्यामुळं मला वाटलं होतं अर्धं नाव गळून पडलं असेल, निदान सुटायला तरी लागलं असेल, म्हणजे माझं काम सोपं होईल. जवळ जाऊन पाहिलं. एक पापुद्रा नाही. माझ्या उभ्या आयुष्यात एवढा घट्ट बसलेला रंग मी पाहिला नव्हता.

दिलीपनं बायकोला घरात पाठवलं आणि स्वतः रंग खरवडायची पत्री हातात घेतली. दोनदा भिंतीला लावली आणि खाली घेतली.

"माह्या हातानं नाई होत, काका."

मी घेतली. आणि खरवडायला हात उचलला तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळं नाव काढायची गरजच नाही. पंचफुला किसन राऊत. दिलीप किसन राऊत. किसन जसा आहे तसा राहणार होता. राऊत राहणार होतं. योजना, गाव, वर्ष, सगळं राहणार होतं. त्या अख्ख्या भिंतीवरून फक्त तिचं तेवढं काढायचं होतं.

रंग सुटेना. पत्रीनं सुटेना, पॉलिश पेपरनं सुटेना. शेवटी अक्षरांखालचं प्लास्टरच खरवडून काढलं. तासभर लागला. निळी भुकटी माझ्या बाह्यांवर, भुवयांत, तोंडात गेली. तिच्या नावाची चव मला माहीत आहे, असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल पेंटर म्हातारपणी नाटकं करतो. म्हणा. खड्डे भरले, पांढरा दिला, वाळू दिला आणि 'किसन'ला लागून 'दिलीप' लिहिलं. चार अक्षरांच्या जागी तीन आली. सुरुवातीला एका अक्षराची जागा मोकळी राहिली.

फोटो काढायला आलेल्या इंजिनिअर साहेबांनी मोबाईल वर धरला, मग खाली घेतला. म्हणाले, काका, नाव आत सरकलंय, ओळीत नाही वाटत, जरा नीट करून देता का. आयुष्यभर मी ओळीसाठी भांडलो होतो. केसाएवढी ओळ चुकली तर अख्खा बोर्ड पुसून पुन्हा लिहिला होता.

मी नाही म्हणालो. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग दिलीपकडं. दिलीप त्या मोकळ्या जागेवर हात ठेवून उभा होता. त्यांनी तसाच फोटो काढला.